केबिन किती, कोणत्या आणि कुठे : दोन जावांचा संवाद

लेकरांना घेऊन क्रूझवर जाणाऱ्या कुटुंबाला केबिनबाबत तीन गोष्टी ठरवाव्या लागतात. केबिन किती घ्यायच्या, कोणत्या प्रकारच्या घ्यायच्या आणि जहाजाच्या कोणत्या भागात घ्यायच्या. हॉटेलातली खोली पटली नाही तर बदलून मागता येते, दुसरं हॉटेलही शोधता येतं. जहाज भरून निघालं की या दोन्ही वाटा बंद होतात. त्यामुळे हा विचार बुकिंग करतानाच पुरा करावा लागतो.

मराठी माणसाचा समुद्रप्रवास पूर्वी बहुतांशी डेकवरचा होता. भाऊच्या धक्क्यावरून कोकण आणि गोव्याकडे जाणाऱ्या बोटींवर बरेचसे उतारू सतरंजी अंथरून, ट्रंकेला टेकून रात्र काढत. खोली निवडण्याचा प्रश्न अलीकडचा आहे. ऑक्टोबर 2018 मध्ये मुंबई–गोवा मार्गावर 'आंग्रिया' ही क्रूझ बोट सुरू झाली, तिच्यावर डॉर्मिटरीतल्या खाटांपासून खासगी खोल्यांपर्यंत सोय होती. एप्रिल 2019 मध्ये 'कर्णिका' हे क्रूझ जहाज आलं. सप्टेंबर 2021 पासून कॉर्डेलिया क्रूझेसचं 'एम्प्रेस' मुंबईहून गोवा, लक्षद्वीप, कोची अशा सफरी करू लागलं. हे जहाज 1990 मध्ये फ्रान्समधल्या सेंट-नाझेर इथे रॉयल कॅरिबियन कंपनीसाठी बांधलं गेलं. त्यावर 11 डेक आणि 800 च्या आसपास केबिन आहेत. त्या काळच्या जहाजांतल्या आतल्या केबिन लहान असतात, साधारण सव्वाशे चौरस फुटांच्या. लेकरांसह जाणाऱ्या कुटुंबाचा सगळा हिशेब या सव्वाशे फुटांपासून सुरू होतो.

धाराशिव जिल्ह्याच्या आठही तालुक्यांना समुद्र नाही. इथल्या कुटुंबाची सफर आदल्या रात्रीच सुरू होते. लातूर–मुंबई एक्स्प्रेस रात्री धाराशिवहून निघते आणि सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोचते. जहाज सुटतं ते बॅलार्ड पिअर तिथून जवळ आहे, पण जहाजावर प्रवेश दुपारच्या सुमारास मिळतो आणि केबिनचा ताबा अनेकदा त्याहून उशिरा. म्हणजे लेकरं केबिनमध्ये पाऊल ठेवतात तेव्हा त्यांची एक रात्र गाडीच्या बर्थवर मोडलेली असते.

पुढच्या संवादात एक एकत्र कुटुंब गृहीत धरलं आहे. आजी-आजोबा, दोन भाऊ, दोन जावा आणि चार लेकरं, अशी दहा माणसं. थोरलीची मुलगी तेरा वर्षांची, मुलगा आठ वर्षांचा. धाकटीची मुलगी पाच वर्षांची, बाळ अठरा महिन्यांचं. थोरलीच्या मते कमीत कमी केबिन घ्याव्यात, धाकटीच्या मते जास्त.

केबिन किती

थोरली : तुळजापूरला नवरात्रात एका खोलीत बारा माणसं झोपतो आपण. दोन रात्रींसाठी चार-चार केबिन कशाला? दिवसभर लेकरं वरच हुंदडणार. केबिन फक्त पाठ टेकायला. तीन बास झाल्या : चार, चार आणि दोन.

धाकटी : तुमची लेकरं हुंदडतील, ताई. माझं बाळ दुपारी दोन तास झोपतं आणि रात्री आठला डोळे मिटतं. आठनंतर दिवा लावायचा नाही, टीव्ही लावायचा नाही, बोलायचं नाही. सव्वाशे फुटांत मग तिघांनी अंधारात बसून काय करायचं?

थोरली : तुळजापुरात लेकरं गोंधळाच्या आवाजातसुद्धा झोपतेत की.

धाकटी : झोपतेत, पण तिथं दार उघडलं की ओसरी आहे. इथं दार उघडलं की बोळ.

दोघींचं म्हणणं वेगवेगळ्या वयांना लागू पडतं. आठ वर्षांच्या पुढचं मूल दिवसाचा बहुतेक वेळ केबिनबाहेर काढतं, त्याला केबिन झोपेपुरतीच लागते. तीन वर्षांखालच्या मुलाचा बराचसा दिवस केबिनमध्येच जातो. दुपारची झोप, कपडे बदलणं, दूध, आंघोळ, सगळं तिथेच. शिवाय लंगोट लागणाऱ्या बाळांना आरोग्याच्या कारणाने जहाजावरच्या पोहण्याच्या तलावात सहसा उतरू देत नाहीत, त्यामुळे त्यांचा बाहेरचा वेळ आणखी घटतो. मूल जितकं लहान तितकी केबिन जास्त वापरली जाते.

खर्चाचं गणितही सरळ नाही. क्रूझचं भाडं केबिनमागे नसून माणशी असतं, आणि ते एका केबिनमध्ये दोघं राहणार असं धरून ठरवलेलं असतं. तिसऱ्या-चौथ्या माणसाला सहसा कमी दर लागतो. समजा, आतल्या केबिनला पहिल्या दोघांचे प्रत्येकी 100 आणि पुढच्या दोघांचे प्रत्येकी 60. तर चौघं एका केबिनमध्ये 320 मध्ये मावतील आणि दोन केबिन घेतल्या तर 400 लागतील. पण बाल्कनीच्या केबिनचा दर पहिल्या दोघांना प्रत्येकी 160 आणि पुढच्या दोघांना तोच 60 असेल, तर तीच चार माणसं एका बाल्कनीत 440 ला जातील. अशा वेळी आतल्या दोन केबिन एका बाल्कनीपेक्षा स्वस्त पडतात आणि दोन न्हाणीघरंही मिळतात. बंदरशुल्क आणि इतर माणशी आकार दोन्हीकडे सारखेच लागतात. प्रत्यक्ष आकडे सफरीगणिक बदलतात, म्हणून दोन्ही मांडण्यांचे पूर्ण दर मागून घेऊन मगच तुलना करावी.

बर्थ आणि पाळणा

थोरली : बाळाचा बर्थ धरायचाच कशाला? रेल्वेत पाच वर्षांखालच्याला तिकीट नाही. आईजवळ झोपतंय की.

धाकटी : बोटीत तसं चालत नाही. तान्हं बाळसुद्धा एक माणूस म्हणूनच धरतेत.

इथे धाकटीचं बरोबर आहे. रेल्वेत पाच वर्षांखालचं मूल स्वतंत्र बर्थ न घेता फुकट जातं आणि पाच ते बारा वयाच्या मुलाला 2016 पासून स्वतंत्र बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं पडतं. जहाजावर मोजणी बचावनौकेच्या हिशेबाने होते. प्रत्येक केबिन संकटाच्या वेळी जमण्याच्या एका ठरावीक जागेला आणि तिथल्या नौकांना जोडलेली असते. त्या नौकांची क्षमता संपली की केबिनमध्ये वरचा बर्थ रिकामा असूनही तिसरा-चौथा माणूस मिळत नाही. चार जणांच्या केबिन लवकर संपतात त्यामागे हेही एक कारण असतं. बाळाला सवलत मिळेल, पण त्याचं नाव यादीत हवंच. बहुतेक कंपन्या सहा महिन्यांखालचं बाळ घेत नाहीत, आणि महासागर ओलांडणाऱ्या लांब सफरींवर ही अट अनेकदा बारा महिन्यांची असते.

नेहमीच्या केबिनमध्ये खाली दोन पलंग असतात. ते जोडता किंवा वेगळे करता येतात. तिसऱ्या-चौथ्यासाठी भिंतीतून किंवा छतातून उघडणारे वरचे बर्थ असतात, काही ठिकाणी सोफ्याचा पलंग होतो. वरचे बर्थ उघडले की खालचे पलंग अनेकदा वेगळेच ठेवावे लागतात आणि शिडीची जागा मोकळी सोडावी लागते.

थोरली : मग पाच वर्षांची वर झोपेल. तिला हौसच आहे.

धाकटी : हौस संध्याकाळपर्यंत. रात्री पाणी मागायला उतरताना पडली म्हणजे?

लहान मुलाला वरच्या बर्थवर न झोपवणं हाच सुरक्षित मार्ग आहे. कठडा असला तरी जहाज हलत असताना झोपेतून उठून शिडी उतरणं पाच वर्षांच्या मुलाला अवघड जातं. तेरा वर्षांच्या मुलीला मात्र तो बर्थ छान सोयीचा पडतो. लहान मुलं असलेल्या कुटुंबात वर वडिलांनी झोपावं, खालच्या एका पलंगावर आईने आणि दुसऱ्यावर लहान मुलाने. बाळासाठी घडीचा पाळणा मागून घेता येतो, पण तो बुकिंगच्या वेळीच सांगावा लागतो, कारण जहाजावर असे पाळणे मोजकेच असतात. पाळणा मांडला की लहान केबिनमध्ये चालायलाही जागा उरत नाही, म्हणून तो कुठे बसेल हे आधी विचारावं.

मराठवाड्यात साडीची झोळी बांधून बाळाला झोपवायची सवय असते. केबिनमध्ये झोळीला आधार नसतो. वरच्या बर्थच्या कड्यांना किंवा शिडीला झोळी बांधू नये, त्यांची रचना तसा ताण घेण्यासाठी केलेली नसते. दूध तापवायला घरून पाण्याचा रॉड, इंडक्शन शेगडी किंवा किटली नेता येत नाही. आगीच्या धोक्यामुळे अशी उपकरणं तपासणीत काढून घेतली जातात. गरम पाणी भोजनकक्षातून आणावं लागतं. म्हणून बाळ असलेल्या घराने केबिन भोजनकक्षापासून फार लांब घेऊ नये.

आतली, खिडकीची की बाल्कनीची

थोरली : आतली घ्या. समुद्र बघायला वर डेक आहे, आणि तो फुकट आहे.

धाकटी : एकदाच जायचं आणि खोलीतून समुद्र दिसायचा नाही, हे काय बरोबर नाही. बाळ झोपलं की मी बाल्कनीत बसून चहा तरी पिईन.

थोरली : आणि तू आत गेलीस अन् पोरगी खुर्चीवर चढली तर?

आतल्या केबिनला खिडकी नसते. दिवा मालवला की दुपारीही गडद अंधार होतो, आणि बाळाच्या झोपेला तो उपयोगी पडतो. त्याचाच तोटाही आहे. सकाळ झाली हे कळत नाही, मोठ्या मुलांचं वेळेचं भान सुटतं आणि लहानगं मध्यरात्री जागं झालं तर घाबरतं. बाथरूमचा दिवा लावून दार किंचित उघडं ठेवणं हा त्यावरचा साधा उपाय. काही नव्या जहाजांनी वेगळी तोड काढली आहे. 2011 च्या 'डिस्ने ड्रीम'वर आतल्या केबिनमध्ये गोल खिडकीच्या आकाराचा पडदा बसवला गेला आणि त्यावर बाहेरच्या समुद्राचं थेट चित्र दिसू लागलं.

खिडकीच्या केबिनमध्ये उजेड येतो आणि खिडकी उघडत नसल्याने धोका नसतो. लहान मुलांच्या कुटुंबाला हा मधला मार्ग सहसा योग्य ठरतो.

बाल्कनीच्या बाबतीत दोघींचंही म्हणणं खरं आहे. बाळ झोपल्यावर मोठ्यांना बसायला जागा मिळते, म्हणजे एका केबिनमध्येच दोन भाग होतात. दुसरीकडे बाल्कनीवर सतत नजर ठेवावी लागते. अमेरिकेच्या 2010 च्या क्रूझ सुरक्षा कायद्याने कठड्याची उंची किमान 42 इंच, म्हणजे सुमारे 107 सेंटिमीटर ठरवली. जमिनीवर उभ्या मुलाला ही उंची पुरते, खुर्चीवर चढलेल्या मुलाला ती पुरत नाही. म्हणून बाल्कनीतल्या खुर्च्या कठड्यापासून दूर ठेवाव्यात, रात्री आत घ्याव्यात आणि दाराची वरची कडी प्रत्येक वेळी लावावी. हे दिवसरात्र पाळणारा एक माणूस ठरलेला नसेल, तर चालायला लागलेल्या बाळासह बाल्कनी घेऊ नये.

जहाजाचा कोणता भाग

धाकटी : वरच्या डेकवर घेऊ. सगळं तिथून जवळ.

थोरली : वर जास्त हलतं म्हणतेत. पोराला यष्टीतसुद्धा लागतं.

जहाजाची हालचाल मध्यभागी आणि खालच्या डेकवर सर्वांत कमी जाणवते. पुढच्या आणि मागच्या टोकाला वर-खाली होणं जास्त, उंच डेकवर डावी-उजवीकडे झुकणं जास्त. प्रवास लागण्याचा त्रास दोन वर्षांखालच्या बाळांना क्वचितच होतो, शाळकरी वयात तो सर्वाधिक असतो. या कुटुंबात हालचालीच्या दृष्टीने जागा निवडायची ती आठ वर्षांच्या मुलासाठी. बाळाच्या दृष्टीने बघायची गोष्ट म्हणजे आवाज.

आवाजासाठी डेकचा नकाशा खाली-वर असा दोन्हीकडे बघावा लागतो. वरच्या मजल्यावर तलाव किंवा भोजनकक्ष असेल तर पहाटे खुर्च्या सरकवल्याचा आवाज खाली येतो. खालच्या मजल्यावर नाट्यगृह किंवा नाचगाण्याचा हॉल असेल तर रात्री उशिरापर्यंत दणदणाट चालतो. अगदी पुढच्या केबिनना नांगर टाकल्याचा हादरा बसतो, आणि लक्षद्वीपसारख्या ठिकाणी जहाज किनाऱ्याला न लागता समुद्रात थांबतं. खाली आणि वर दोन्हीकडे केबिनच असलेला मजला सर्वांत शांत.

आजी-आजोबांची केबिन लिफ्टपासून थोड्या अंतरावर असावी. अगदी समोर असेल तर माणसांच्या येण्याजाण्याने झोप होत नाही, आणि फार लांब असेल तर बोळ संपता संपत नाही. बाथरूमच्या दाराला उंच उंबरठा असतो, त्यात म्हातारी माणसं आणि नुकती चालू लागलेली लेकरं दोन्ही अडखळतात. केबिनचं दार जड आणि आपोआप मिटणारं असतं, आग अडवण्यासाठी ते तसंच बनवलेलं असतं. लेकरांची बोटं त्यात सापडू नयेत म्हणून पहिल्याच दिवशी त्यांना ते दार उघडून-मिटून दाखवावं.

मधलं दार

थोरली : बरं, दोन केबिन घेतल्या तर लेकरं एकीकडे, आईबाप दुसरीकडे, असं काय?

धाकटी : मधून दार असलं तर हरकत काय? दार उघडं ठेवायचं, म्हणजे दोन खणांचं घर झालं.

थोरली : आणि दार नसलं तर?

इथे थोरलीचा प्रश्न नेमका आहे. शेजारशेजारच्या दोन केबिन आणि आतून दार असलेल्या दोन केबिन या वेगळ्या गोष्टी आहेत. बुकिंग करताना 'बाजूबाजूच्या द्या' एवढंच म्हटलं तर पहिला प्रकार हाती पडतो, आणि एका केबिनमधून दुसरीत जायला प्रत्येक वेळी बोळात यावं लागतं. आतून दार असलेल्या केबिन मोजक्याच असतात आणि लवकर जातात. डेकच्या नकाशावर त्या खास खुणेने दाखवलेल्या असतात, त्यांचे क्रमांक लेखी घ्यावेत. हे दार आवाज पुरता अडवत नाही, म्हणून पलीकडे अनोळखी माणसं असतील तर ती केबिन एकट्या कुटुंबाने टाळावी.

बहुतेक कंपन्या अल्पवयीन मुलांच्या नावाने स्वतंत्र केबिन देत नाहीत. काही कंपन्यांत ही मर्यादा 21 वर्षांपर्यंत असते. आईवडील शेजारच्या केबिनमध्ये असतील तर सूट मिळते. सोपा उपाय असा की बुकिंगमध्ये प्रत्येक केबिनला एक प्रौढ दाखवायचा आणि जहाजावर चढल्यावर दोन्ही केबिनच्या जादा किल्ल्या मागून घ्यायच्या. नावं कशीही वाटली तरी आपली जमण्याची जागा कोणती हे प्रत्येकाला ठाऊक हवं. एका कुटुंबाच्या केबिन दोन टोकांना पडल्या तर या जागाही वेगळ्या येऊ शकतात.

जानेवारी 2012 मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' बुडाली, तेव्हा काही प्रवाशांचा सुरक्षा सराव झालाच नव्हता. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला आणि 1 जानेवारी 2015 पासून हा सराव जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घेणं बंधनकारक झालं. याच नियमांनुसार प्रवाशांच्या संख्येच्या किमान दहा टक्के, आणि लागतील तर प्रत्येक मुलाला एक, एवढी मुलांची लाइफ जॅकेट जहाजावर असावी लागतात. 24 तासांहून लांब सफरीत प्रत्येक बाळासाठी वेगळं जॅकेट हवं. केबिनमध्ये सहसा मोठ्यांचीच जॅकेट ठेवलेली असतात. चढल्याबरोबर ती मोजावीत आणि लेकरांच्या मापाची मागून घ्यावीत.

मांडणी

धाकटी : आत्याबाईंजवळ तुमची मोठी झोपेल का?

थोरली : आजी म्हटलं की ती आधी पळेल. वरचा बर्थ तिला, खालचे दोन आत्याबाई-मामंजींना. आम्ही दोघं आणि पोरगा एका केबिनमध्ये. उरली तुझी.

धाकटी : दोन रात्रींची गोव्याची सफर असेल तर आम्ही चौघं एकीत राहू. बाळाची झोप दोन दिवस इकडची तिकडे झाली तर सोसेन मी. पण लक्षद्वीप घालून पाच रात्री असतील तर मला मधल्या दाराच्या दोन हव्यात. बेटावर छोट्या होडीतून उतरायचं असतं, बाळ झोपलेलं असेल तर मी जहाजावरच थांबणार.

थोरली : पाच रात्रींना तू म्हणतीस ते खरं. बाल्कनी सोड, त्या पैशात दुसरी केबिन घे.

यातून मांडणी अशी निघते. छोट्या सफरीत तीन केबिन, 3, 3 आणि 4 माणसांच्या. आजी-आजोबांना आणि नातीला खिडकीची, कारण दुपारी तिथेच सगळे गप्पा मारायला जमतील. आठ वर्षांचा मुलगा असलेली केबिन खालच्या डेकवर, मध्यभागी आणि आतली. बाळाची केबिन खाली-वर केबिन असलेल्या मजल्यावर. तिन्ही एकाच मजल्यावर साधल्या तर उत्तम, न साधल्या तर आजी-आजोबा आणि बाळ एका मजल्यावर ठेवावेत, कारण गरज पडली तर बाळाला घटकाभर सांभाळणारी माणसं जवळ लागतात. लांब सफरीत चौथी केबिन वाढते. ती धाकटीच्या केबिनला आतून जोडलेली, तीही आतलीच.

निवडीचा क्रमही यावरून ठरतो. आधी सर्वांत लहान मुलाच्या झोपेच्या वेळा आणि रात्री त्याच्यापाशी कोण असेल हे लिहून काढावं. त्यावरून केबिनची संख्या आणि मधल्या दाराची गरज कळते. मग वरच्या बर्थवर कोण चढू शकेल त्यांची नावं काढावीत, म्हणजे माणसांची वाटणी होते. त्यानंतर नकाशावर मजला आणि जागा शोधावी. खिडकी की बाल्कनी हे शेवटी, उरलेल्या पैशांतून ठरवावं. केबिन क्रमांक, घडीचा पाळणा, मधलं दार आणि बाळाचं नाव या चार गोष्टी बुकिंगच्या कागदावर छापून आल्या आहेत का, हे पैसे भरण्यापूर्वी तपासावं.